फरंगीसचं चित्र, उस्तादांचा हात

जुल्फा, इस्फहान
१२ मे १९७२

ती. सिरानुशताईस,

अर्शाविरचा नमस्कार. रीत म्हणून करतोय, मनापासून नाही.

तुझं डोकं ठिकाणावर होतं का? फरंगीस तेहरानहून परतली ती थेट बापाच्या रोटीच्या भट्टीमागे जाऊन बसली. वर्गाला येत नाही. तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनात माझ्या विद्यार्थिनीला पहिलं बक्षीस मिळालं, त्यासोबत तिथल्या कलाशाळेत जागा मिळाली, आणि संध्याकाळी दोन्ही काढून घेतलं! का, तर परीक्षकांनी कौतुक केल्यावर पोरगी म्हणाली की हे सगळं उस्तादांच्या, म्हणजे माझ्या, हातचं, यात तिचं काही नाही. अगं, आपल्याकडे सुपाच्या वाटीचं कौतुक केलं तरी बाई असंच काहीतरी म्हणते. पण ते मुख्य परीक्षक पॅरिसला राहून आलेले. रीतभात विसरले आणि ते खरंच मानून बसले. खात्री करायला तिच्यासोबत गेलेल्या तुला विचारलं, तर तू, माझी सख्खी बहीण, मान डोलावून म्हणालीस की हो तर, भावाचाच हात आहे, लांबून ओळखू येतो!

मी मुलांच्या कागदाला ब्रश लावत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? वर्गात मी हात पाठीमागे बांधून फिरतो. लहानपणी माझ्या नदीच्या चित्रात मास्तरांनी स्वतःच्या हाताने पूल रंगवून दिला. आईने ते कौतुकाने भिंतीवर लावलं आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचो. विसरलीस?

ताबडतोब जा आणि खरं सांग. तोवर लोभबिभ काही मागत नाही.

अर्शाविर


तेहरान
१७ मे

चि. अर्शाविर जान,

आशीर्वाद आहेत, तू मागितले नसलेस तरी. तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मी थोरली आहे, हे विसरून लिहिलंयस.

हो, म्हणाले मी तसं. तुझी चित्रं प्रवासी लोक उचलून कुठल्या कुठल्या देशांत घेऊन गेले, इथल्या भिंतीवर एक नाही. कलाशाळेने दोनदा शिकवायला बोलावलं, तर तुला जुल्फ्यातली पोरं सोडवेनात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात कुणी तुझं नाव काढलं, आणि मी नाही म्हणू? मला भरून आलं. पोरीचं काय होईल, हे सुचलंच नाही.

काल जाऊन खरं सांगितलं. मुख्य परीक्षक हसले. म्हणतात, बाई, आता मुलीची दया येऊन उलटं बोलताय. तिने आमच्यासमोर बसून चित्र काढावं, मग बघू. तूही ये. द्राक्षाच्या पानांचे दोलमे करीन, रागावलेला माणूस खात असेल तर.

लोभ माझ्याकडून आहेच, तू तुझं बघ.

सिरानुश


जुल्फा
२२ मे

ती. ताईस,

नमस्कार. मी येणार नाही. दाराशी नुसता उभा राहिलो तरी म्हणतील, म्हाताऱ्याने डोळ्यांनी खुणावलं.

भट्टीवर गेलो होतो. रांगेतल्या बायकांसमोर फरंगीसवर ओरडलो. ती म्हणाली, मोठ्या माणसांसमोर माझं माझं कसं करायचं? मी म्हटलं, आदबीपायी हातातली रोटी दे, चित्र देऊ नकोस! पाच वर्षं काय शिकवलं तुला? जलरंगात पांढरा रंग डबीत नसतो, तो कागदच असतो, आणि पहिल्या फटकाऱ्यापासून जपावा लागतो. स्वतःचं जे आहे तेही तसंच जपायचं. यावर तिचा बाप माझ्यावरच खेकसला की उस्ताद, गिऱ्हाईक पळतंय.

गुरुवारच्या बसने ती येईल. तू शेजारी बस आणि तोंडाला कुलूप लाव. बाकी राग जिथल्या तिथे आहे.

अर्शाविर


तेहरान
२८ मे

चि. अर्शाविर जान,

आशीर्वाद. कुलूप लावलं होतं, जीभ चावून चावून.

खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती, दोरीवर चादरी वाळत होत्या. फरंगीसने तेच काढलं. चादरी कोऱ्या सोडल्या, अगदी तुझ्यासारख्या. आकाश मात्र गढूळ पिवळं, धुळीचं, कडेपर्यंत भरून टाकलं. तू असं कधी करत नाहीस, एवढं मलाही कळलं. मुख्य परीक्षक वाकून बघत म्हणाले की यातही उस्तादांचा हात दिसतोच. असा संताप आला मला! पण पोरीने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, नाही, हे माझं आहे. उस्तादांनी आकाश कोरं सोडलं असतं आणि चित्र बिघडलं असतं.

मुख्य परीक्षकांनी चित्र उचलून खिडकीशी नेलं आणि समोरच्या गच्चीशी ताडून पाहिलं. बक्षीस आणि जागा, दोन्ही परत मिळालं. घरी आल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात हमसून हमसून रडली, उस्तादांचा अपमान केला म्हणून. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मी सांगतेय. माझ्यावर आणखी काय रागावशील!

सिरानुश


जुल्फा
३ जून

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून ते आकाश डोळ्यांसमोर आणून पाहिलं. पोरीचं खरं आहे. मी कोरं सोडलं असतं आणि चादरी त्यात हरवल्या असत्या.

त्या परीक्षकाचा राग आहे, तुझा आहे, आणि आज सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आहे. चाळीस वर्षं शिकवतोय, आणि तोंडावर चूक दाखवेल असा एक विद्यार्थी मला घडवता आला नव्हता. सगळे नुसते पाया पडून गेले.

तिला सांग, रडायचं काही कारण नाही. आणि सुट्टीत जुल्फ्याला आली तर माझ्या वर्गात बसायला येऊ नकोस म्हणावं. यायचं असेल तर शिकवायला यावं.

तुझ्यावर अजून रागावलेला, तुझाच
अर्शाविर