आईने मावशीला अनब्लॉक केलं

मंगळवार, संध्याकाळ

आज आईने बेटम्याच्या सुमनमावशीचा नंबर माझ्याकडून अनब्लॉक करून घेतला. एका लग्नात मावशी आईबद्दल सगळ्यांसमोर "ताईला आता ऐकू येत नाही" म्हणाली होती, तेव्हापासून तो बंद होता. आधी फोनच्या ब्लॉक यादीतून काढला, मग व्हॉट्सअ‍ॅपमधून. तिथे वेगळा काढावा लागतो. मी म्हटलं, "आता चुपचाप बस. तिने विचारलं तर नेटवर्क खराब होतं म्हण. तिला कळणारही नाही."

आईने सरळ फोनच लावला, स्पीकरवर. "सुमे, गुस्स्यात मी तुला ब्लॉक केलं होतं. आज खोललं. भांडायचं तर भांड."

मावशी म्हणाली, "म्हणजे नातीच्या बारशाचं बोलावणं तुला मिळालंच नाही? मी समजले, मुद्दाम आली नाहीस."

अडलेले मेसेज मागाहून येत नाहीत. आईचा चेहरा उतरला. नेटवर्कची सबब अजूनही चालली असती. मी ती वापरली असती का? बहुतेक हो. आईने नाही.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "उद्या येते पोरीला पाहायला. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन."

"बस," मावशी म्हणाली. "चहा तिथेच आणून देईन."