रेघेपर्यंत पाणी

१६ जानेवारी, गुरुवार

गाडी आली एकदाची! हेड गॅस्केट नवं, वॉटर पंप नवा. मेकॅनिक चिरागभाई किल्ली देताना म्हणाले, "बहन, अब दस साल देखना नहीं." मी हसले आणि निघाले. आठव्या स्ट्रीटच्या सिग्नलला थांबले, तर हीटरमधून गार हवा! गाडी हलली की गरम, थांबली की गार. घरी येईपर्यंत माझे डोळे रस्त्यावर कमी आणि टेंपरेचरच्या सुईवर जास्त.

बाबा गॅरेजमध्ये स्वेटर-कानटोपी घालून तयारच होते. कराड डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक, गाडी उघडली म्हटल्यावर त्यांना कुठला धीर! बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. "इंजिन उघडलेली गाडी बाळंतिणीसारखी जपायची," म्हणाले. मग लॉगशीट मागितली. आता इथे कॅनडात, सस्काटूनमध्ये लॉगशीट कुठून आणू? लेकीची, कृतिकाची जुनी वही दिली. पट्टी घेऊन रकाने आखत बसले. आई गेल्यापासून इतके खुशीत पाहिले नव्हते.

बाहेर उणे २४. उद्या हायवे.

१७ जानेवारी

वाटेत दोनदा गार हवा. दोन्ही वेळा नजर सुईवर.

१९ जानेवारी, रविवार

चिरागभाईंना फोन केला. "हवा होगी अंदर. नया काम है, निकल जाएगी." निघाली तर बरं. हॉस्पिटल ऐंशी किलोमीटर, मध्ये वॉर्मन गाव आणि एक गॅस स्टेशन, बाकी सगळं पांढरं सपाट. मागच्या हिवाळ्यात आमच्याच वॉर्डात आलेल्या त्या माणसाची गोठून काळी पडलेली बोटं मी पाहिली आहेत. गाडी बंद पडली म्हणून चालत निघाला होता. ती बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दिवसभर लोकांचा रक्तदाब मोजते, तर गाडीचं पाणी मोजायला काय झालं! कूलंटच्या बाटलीवर, आहे त्या पातळीला कृतिकाच्या लाल नेलपॉलिशने रेघ ओढली. रोज सकाळी बघायचं. पातळी उतरली तर गळती आहे, नाही उतरली तर नाही. बाबा बॅटरी धरून शेजारी उभे. "रेघ आखलीस हे बेस केलंस. आता चूक व्हायची नाही."

२१ जानेवारी, मंगळवार

पातळी बरोबर रेघेवर! केसभरही कमी नाही. म्हणजे गळती नाही. देव पावला.

पण मग आज वॉर्मन ओलांडल्यावर सुई अर्ध्याच्या वर का गेली? गाणी बंद केली, खिडकी खाली केली, काय ऐकायचं ते न कळताच ऐकत राहिले. पाच मिनिटांनी सुई आपोआप खाली. हे "आपोआप" मला अजिबात आवडत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सुट्टी टाकून गाडी दाखवली. चिरागभाईंनी थर्मोस्टॅट बदलला. मी म्हटलं, गळती तर नसेल? बाटलीकडे बोट दाखवलं त्यांनी. "लेवल तो एकदम परफेक्ट है. लीक होता तो सबसे पहले यहीं दिखता." माझीच रेघ मला दाखवली!

नवऱ्याचा, जयदीपचा खाणीवरून फोन. दोन आठवडे तिकडे उत्तरेला, दोन आठवडे घरी, आणि गाडी बिघडते ती नेमकी तो तिकडे असताना. "सेन्सर असेल गं. तू ना, उगाच घाबरतेस." उगाच! तिथे बसून बोलायला काय जातं? मी फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. परत केला तर लागेना.

जेवताना बाबांनी खंबाटकी घाटातला किस्सा सांगितला – रेडिएटर फुटलेली बस, चाळीस प्रवासी, आणि त्यांनी ओढ्यावरून घागरीने आणलेलं पाणी. छान सांगतात. ताटं उचलताना तोच किस्सा पुन्हा पहिल्यापासून. कृतिकाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच दटावलं.

२४ जानेवारी

सकाळी निघताना बाबा म्हणाले, "जपून जा जयंती." जयंतीआत्या! मी अगदी तिच्यासारखी दिसते म्हणे. तिचं नाक मिळालं नाही ही तेवढी देवाची कृपा.

पातळी रेघेवर.

२७ जानेवारी, सोमवार

हात अजून धड चालत नाही, पण लिहिते. नाही लिहिलं तर झोप यायची नाही.

सकाळी सगळं ठीक. पातळी रेघेवर. उणे ३५. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी नेहमीसारखी प्लगइन केली, इंजिन गरम राहायला. तो प्लग पॉइंटच मेलेला होता हे मला कुठे ठाऊक! आठ तास इंजिन तसंच गारठत राहिलं.

चारला निघाले. वीस मिनिटांत हीटरमधून बर्फासारखी हवा. आणि सुई – वर! सरळ लाल रंगात! आत मी गारठतेय आणि इंजिन पेटलंय, हे कसं काय? बॉनेटच्या कडेने वाफ. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग जी शांतता पसरली ना! फक्त वारा. दोन्ही बाजूंना बर्फ, झाड नाही, घर नाही. फोन ४० टक्के होता, टोइंगवाल्यांना फोन करते तोवर गारठ्याने ११ टक्के. "नव्वद मिनिटं लागतील, गाडी सोडू नका." नव्वद!

गाडीतल्या इमर्जन्सीच्या डब्यातली मेणबत्ती लावली, ब्लँकेट गुंडाळलं. काचेला आतून बर्फ धरायला लागला. मी बोटं मोजत बसले. खरंच मोजत बसले – हलतात का एकेक करून. कृतिकाचा विचार आला. बसथांब्यावरून तिला बाबा घरी आणतात, तेवढं बरं. मग बाबांचा विचार आला. आई जाऊन वर्ष नाही झालं, आता मी गेले तर त्यांना कोण सांगेल? जयदीप तिकडे खाणीवर, मराठीत कोण सांगेल? मोठ्याने रडले. रडताना पापण्या चिकटतात हेही आजच कळलं.

पस्तीस मिनिटांनी एक पिकअप थांबला. साठीच्या बाई, शेतकरी असाव्यात. "यू कान्ट सिट हिअर, हन. गेट इन." त्यांच्या गाडीत ऊन ऊन हवा, कुत्र्याचा वास. आयुष्यात इतका चांगला वास घेतला नव्हता मी! नाव विचारायचं राहिलं.

बाबा दारातच होते. "गाडी कुठंय?" हा पहिला प्रश्न. मी कशी आहे ते नाही! राग आला.

२८ जानेवारी, मंगळवार

चिरागभाईंनी गाडी ओढून आणली. नळीसारख्या टेस्टरमध्ये थोडं कूलंट घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "बहन, ये कूलंट नहीं है. ये तो पानी है. माइनस बारह पे जम जाएगा." रेडिएटरात बर्फाचा चिखल झाला होता. म्हणून पाणी फिरेना. म्हणून इंजिन तापलं आणि हीटर गार.

मी ओरडले त्यांच्यावर. चार गिऱ्हाइकांसमोर. तुम्हीच पाणी घातलंत, माझ्या मुलीची आई मरत होती काल! ते आत जाऊन कूलंटचे रिकामे कॅन घेऊन आले, माझ्या गाडीचा नंबर मार्करने लिहिलेले. "बारह साल से यहाँ हूँ. कोई सस्काटून में पानी डालेगा? किसीने बाद में डाला है."

मग गळतीही सापडली. मागच्या बाजूला हीटरच्या पाइपची क्लिप सैल, थेंब थेंब जात होतं. कबूल केलं त्यांनी, क्लिप माझीच चूक. "लेकिन लेवल एक दिन भी गिरती ना, तो मैं पहले दिन पकड़ लेता. गिरी क्यों नहीं?"

गिरी क्यों नहीं? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. बंद गॅरेजमध्ये माझ्या गाडीत कोण पाणी घालतंय?

२९ जानेवारी

कृतिकाने सिरियल खाता खाता सांगितलं. "आजोबा डझ इट, मॉम. एव्हरी मॉर्निंग. समटाइम्स ट्वाइस." मला आधी का नाही सांगितलंस? "ही सेड इट्स हिज ड्यूटी."

अर्थात! दुसरं कोण! पाणी बघितल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढायची नाही, एकतीस वर्षांची सवय. रोज माझ्या उठण्याआधी तांब्या घेऊन गॅरेजमध्ये, आणि मी आखलेल्या रेघेपर्यंत भरून ठेवायचे. मीच रेघ आखून दिली! गळती त्यांनी मायेने झाकली. माझं मोजमाप त्यांच्या तांब्यातलं होतं.

समजावून सांगितलं. कराडला पाणी चालतं बाबा, इथे त्याचा बर्फ होतो. परवा मी मेले असते. "मेले असते" म्हणायला नको होतं. बाबा खाली बसले. "चुकलं गं माझं, नीरजा. परत हात लावायचा नाही." कानाला हात लावला त्यांनी, माझ्यासमोर. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पण सापडलं! काय बिघडलंय ते कळलं की निम्मी भीती जाते.

१ फेब्रुवारी, शनिवार

नवी क्लिप, नवं कूलंट, उणे चाळीसपर्यंत. चिरागभाईंची माफी मागितली, तिळाच्या वड्यांचा डबा दिला. त्यांनी बाटली पुसून लख्ख केली, माझी रेघ गेली. "अब ज़रूरत नहीं." मुद्दाम हायवेवर जाऊन आले. हवा इतकी गरम की जॅकेट काढलं! सुई जागची हलली नाही. गाणं म्हटलं मी, मोठ्याने.

३ फेब्रुवारी, सोमवार

बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

रंग फिका. तांब्या फडताळावर, ओला. "बाबा, पाणी घातलंत?" "मी? छे गं. मी कशाला हात लावू?" माझ्या डोळ्यांत बघून! आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले माझ्याशी. मी कामावर गेलेच नाही. जयदीप फोनवर म्हणतो म्हातारपणी हट्टी होतात माणसं. हट्ट? मी त्या रस्त्यावर गोठून मरेन, हा हट्ट?

तांब्या लपवला.

४ फेब्रुवारी

आज कृतिकाची शाळेची पाण्याची बाटली, बॉनेटशेजारी, रिकामी. पुन्हा तेच: "मी नाही." मी ओरडले. ते माझ्याकडे बघत राहिले, एखादी परकी बाई कचकच करत असावी तसे. चूक सापडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. तो चेहरा आठवला की मला हायवेवरच्यापेक्षा जास्त भीती वाटते, आणि का ते कळत नाही.

दुपारी एकदम आईचे फोन आठवले. ती जाण्याआधीची दोन वर्षं बाबांशी बोलताना मागून तिचा आवाज असायचाच. "सांगा ना, काल दवाखान्यात गेलो ते." "अहो, कृतिका तिसरीत आहे." मला वाटायचं, किती मध्ये मध्ये बोलते ही! फोनवरच चिडायचेही मी तिच्यावर.

५ फेब्रुवारी

बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्यांची रकान्यांची वही उघडली. तारीख, वेळ, पाणी, सही. डेपोतलं वळणदार अक्षर.

२९ जानेवारी: "पाणी घालू नये. नीरजाने सांगितले आहे. विसरू नये." ३० ला पुन्हा तेच वाक्य. ३१ ला पुन्हा, खाली दोन रेघा. ३ फेब्रुवारीला फक्त: "७.१० पाणी भरले. ७.२५ पाणी भरले. ७.४० पाणी भरले." तीन सह्या.

आज सकाळचं पान: "लाल गाडी. ती नेणाऱ्या बाई रोज घाबरलेल्या असतात. चांगल्या आहेत. त्यांना वाटेत काही होऊ नये. पाणी बघून देणे."