बेटावरचं शेवटचं झाड

आप्पा,

इथूनच तुमच्या आणि मायच्या पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. मायचा गुडघा कसा आहे? गावी कळसाडीत कापूस वेचायला बाया मिळाल्या का?

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एक झाडकरता इतली काय रडी ऱ्हायनी, बेटा?" त्याचं उत्तर लिहिते.

हे झाड जगात फक्त याच बेटावर उगवायचं. बकऱ्यांनी डोंगरावरची रोपं खाल्ली आणि रानात एकही उरलं नाही. मी कामाला आहे त्या बागेत आहे तेवढंच शेवटचं, आणि आता त्याची मुळं कुजताहेत. औषध दिलं, माती बदलली. फांद्या कापून कुंड्यांत लावल्या, त्याही काळ्या पडत गेल्या. एक अजून हिरवी आहे, पण तिने मूळ धरलेलं नाही.

काल बेटावरच्या एक आजी बागेत आल्या. खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या लग्नात केसांत हीच फुलं होती. नातीच्या लग्नाला मिळतील ना?" मी हो म्हणाले, आणि आत जाऊन तोंड धुतलं.

साहेब म्हणतात, रोग बागेतल्या बाकीच्या झाडांत पसरेल, सोमवारी उपटून जाळ. कपाशीला मर लागली की तुम्हीही तेच करता, मला कळतं. पण कपाशी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते, आप्पा. हे कुठून आणू? माझा हात धजत नाही. तुम्ही काय केलं असतं, तेवढं कळवा.

तुमचीच,
रुचिका