मीटिंगला गेल्याचा दाखला

२ नोव्हेंबर, रविवार
दीक्षाचा नालासोपाऱ्याहून फोन. बाळ बरं, शालन बरी. मग मुद्दा. पप्पा, ३० तारखेला नामकरण, पण त्याआधी तीन मीटिंगा केल्यात तरच या. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा! जसा काही मी गटारात सापडतो. पंचवीस वर्षं कारकुनी केली, सर्व्हिस बुकात एक लाल शेरा नाही. यामागे शालनचं डोकं आहे. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि तिथून सूत्रं हलवतेय.
तरी जाणार. नातू मांडीवर घ्यायचाच आहे. आजपासून बंद. (आज रविवार, म्हणून एकच.)

५ नोव्हेंबर, बुधवार
चौकशी केली. मीटिंग रत्नागिरीतच भरते, घरापासून दहा मिनिटांवर. इतकी सोय संशयास्पद वाटते. शिवाय आत जाताना कोणी पाहिलं तर तासाभरात आमच्या मिरजोळ्यात बातमी. त्यापेक्षा चिपळूणला जाईन. तिथे मला ओळखणारं कोणी नाही.
निर्णय झाल्याच्या आनंदात बारमध्ये थोडी. मालकाने नावाने हाक मारली, आठ-दहा जणांनी हात केला.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळची एसटी. तोंडाला मास्क, डोक्याला कानटोपी. पलीकडच्या सीटवर असाच एक मास्कवाला. चिपळूण येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. मीटिंगच्या खोलीत तो माझ्या मागोमाग शिरला. मास्क काढला तर आमच्याच वाडीतला रावजी! जमलेल्या नऊपैकी सहा रत्नागिरीचे निघाले. चिपळूणचे म्हणे रत्नागिरीला येतात.
रावजी कानाशी लागला. मी कोनाला सांगनार नाय, तू पन सांगू नको, घरात दाताच्या डॉक्टरकडं जातो म्हनून सांगितलंय, म्हणाला. म्हणजे हा नक्की सांगणार.
चहा फुकट, बिस्किटं फुकट. आडनाव विचारत नाहीत. ना हजेरीपट, ना शिक्का. मी हजेरीचा दाखला मागितला. मीटिंग चालवणारे संदेशभाऊ म्हणाले, रामजीभाऊ, दाखला घरचे देतील. अशा संस्थेवर विश्वास कसा ठेवायचा? बोलायची पाळी आली तेव्हा, मी फक्त पाहणीसाठी आलोय, असं स्पष्ट केलं. सगळे म्हणाले, पहिल्यांदा आम्हीपण पाहणीलाच आलो होतो. यांचं आधीच ठरलेलं दिसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरी मीटिंग. दाखला मीच टाइप करून नेला, दोन प्रतींत. संदेशभाऊंनी वाचला, भाषा छान आहे म्हणाले, सही केली नाही.
रावजीला साठ दिवस झाले म्हणून टाळ्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या, उगाच संशय नको. रावजी रडला. परतताना बसमध्ये मला शेंगदाणे देत होता. माझ्याकडून काय काढून घ्यायचंय कोण जाणे.
आठवड्यात फक्त दोनदा. तीनदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
शालनला कळलंय! फोनवर म्हणाली, तब्येतीला जपा. बत्तीस वर्षांत कधी म्हणाली नाही, आजच का? रावजीने कळवलं असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी डोकं जड. हवाच तशी आहे. दीक्षाचे पाठोपाठ तीन मेसेज. उघडले की निळी खूण होते, आणि माणूस किती वाजता शुद्धीवर आला ते तिकडे कळतं. उघडणार नाही. मीही कच्चा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२
मीटिंगला गेलो नाही. रावजीच्या हेरगिरीचा निषेध. पुढच्या रविवारी तर नामकरण, तिसरी त्याआधी कुठेतरी बघू.
सकाळपासून दीक्षाचे व्हिडिओ कॉल. पाच झाले. माझा चेहरा तपासायचा डाव! कालची अजून डोळ्यांत आहे, म्हणून सगळे कापले. शेवटी फोनच बंद केला. त्यांना वाटेल मीटिंगमध्ये बसलोय. झकास सुचलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळी रावजी दारात. काल आला नायस, म्हनून बघायला आलो, म्हणाला. मी तोंडावर विचारलं, शालनला काय काय कळवलंस? त्याच्याकडे शालनचा नंबरच नाही. मग त्याच्यादेखत दीक्षाचे मेसेज उघडले.
शुक्रवारचे: विधी करणारे बौद्धाचार्य तीस तारखेला मोकळे नाहीत, त्यामुळे नामकरण या रविवारीच. पप्पा, मीटिंगांचं राहू दे. शनिवारी गाडीत बसा. नाव तुम्हीच जाहीर करायचं.
कालचा: पप्पा, दोन तास थांबलो. शेवटी आईने जाहीर केलं. गुरुवारी रात्री तुम्ही फोनवर रडत रडत सुचवलंत, तेच नाव ठेवलंय. सगळ्यांना फार आवडलं.
गुरुवारी मी फोन केलेलाच नाही. कॉल लिस्टमध्ये मात्र आहे. रात्री साडेनऊ, एकोणीस मिनिटं.
कोणतं नाव सांगितलं असेन? तासभर आठवून बघतोय. एक अक्षर आठवत नाही. लाज वाटली, आणि भीतीही. रावजीला म्हटलं, आता काय करू? लाज वाटंल, पन विचार त्यांनाच, म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.
फोन लावला. शालनने उचलला. बाळाचं नाव काय ठेवलं, असं विचारलं. मागे बाळ रडायला लागलं. निदान त्याला गप्प करताना तरी नाव घेईल म्हणून मी कान लावून बसलो. ती नुसतं बाळा, बाळा म्हणत राहिली.