बॅटऱ्यांची नवी जोडी

प्रिय ॲसिडबाई,

या नावाने हाक मारली की तू नाक मुरडतेस, ठाऊक आहे मला. पण टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत तीस वर्षं काढून अंगावरच्या एकूण एक कपड्याला ॲसिडच्या थेंबांनी भोकं पाडून घेणाऱ्या बाईला दुसरं म्हणायचं तरी काय? तुझ्याच सोबतिणींनी ठेवलेलं नाव, मी आपलं पुढे चालवलं. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं ‘हॅलो’ पुरं व्हायच्या आत ‘दम लागतोय का, मशीन नीट चाललंय का’ सुरू होतं. दोन वाक्यं बोललो की मला धाप लागते, आणि धाप ऐकली की तू म्हणतेस, बघा, मी येतेच. पत्रात धाप ऐकू येत नाही, म्हणून पत्र. परवा तू म्हणालीस की बाळ आता चार महिन्यांचं झालं, लेक सावरली, तेव्हा महिनाअखेरीला परतीचं तिकीट काढते. ते काढण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून निकाल देण्याची तुझी जुनी खोड आहे, ती एवढ्या एका दिवसापुरती बाजूला ठेव.

आधी गुन्हा कबूल करतो. तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, भर दुपारी वीज गेली. माझं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर गेलं आणि मी निवांत शब्दकोडं सोडवत बसलो. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा सकाळीच पाहिला होता, मग काळजी कसली? अकराव्या मिनिटाला तो डबा केकाटायला लागला आणि तेराव्या मिनिटाला सगळं गपगार. घाबरलो गं. खोटं कशाला सांगू, चांगलाच घाबरलो. शेजारच्या कंपाउंडरला हाक मारायलाही छातीत वारा नव्हता, म्हणून भिंतीवर काठी बडवली. तो जेवता जेवता उष्ट्या हातानेच धावत आला आणि कोपऱ्यातला सिलिंडर उघडून नळी जोडून दिली. वीज पावणेदोन तासांनी आली. त्या संध्याकाळी तुला फोनवर ‘सगळं छान’ म्हणालो ते धादांत खोटं होतं. कंपाउंडरलाही मीच गप्प बसवलं, त्या बिचाऱ्यावर राग काढू नकोस.

लगेच तुला का नाही सांगितलं? कारण तू दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस. आणि दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. मला वाटलं, पुन्हा माझ्याच हातून काही झालंय. आठवतं ना, इन्व्हर्टर नवा आणला त्या वर्षी तू दिवसभर एक्स्चेंजमध्ये होतीस आणि मी मोठ्या प्रेमाने बॅटरीत पिण्याचं पाणी ओतलं होतं? गाळून, उकळून, गार करून! वर तुला अभिमानाने सांगितलं होतं, तुझं एक काम वाचवलं म्हणून. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालीस की त्यापेक्षा आमटी ओतली असतीत तरी चाललं असतं. तेव्हापासून त्या मागच्या गॅलरीतल्या कपाटाजवळ मला फिरकायला बंदी. पहिल्या तारखेला तू तिथे वाकलेली असायचीस, हातात ती काचेची नळी, आणि मी लांबून चहा झालाय म्हणून सांगायचो. बॅटऱ्यांशी माझा संबंध एवढाच.

तर बुधवारी बंदी मोडली. कपाट उघडलं. दोन्ही बॅटऱ्या वरून स्वच्छ, पाणी रेषेपर्यंत, टोकांना तू लावलेलं व्हॅसलीन तसंच. तुझी काळजी होती तिथवर काही बिघडलेलं नव्हतं. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, एवढंच. एकीवर तुझ्या अक्षरात तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. म्हटलं, नव्या आणायच्या तर माप काय घ्यायचं ते आधी बघावं, आणि कपाटाच्या वरच्या खणातून इन्व्हर्टरचं माहितीपुस्तक काढलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण घरातलं हे एक पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. हे तुलाही पक्कं माहीत होतं. म्हणून तर तू ते पत्र त्यात ठेवलंस.

सापडलं मला. तंत्रशाळेचं पत्र. लेकीच्या गावातली मुलींची तंत्रशाळा, बॅटरी आणि वीजपुरवठ्याचा नवा वर्ग, एका वर्षाचं काम, आणि शिकवायला त्यांना तूच हवीस. वाचता वाचता माझी मान ताठ झाली. म्हटलं, बघा, आमच्या बाईला शोधत आले! मग पान उलटलं. पाठीमागे तुझ्या उत्तराचा कच्चा खर्डा, पेन्सिलीने. ‘घरच्या अडचणीमुळे शक्य नाही.’ आयुष्यभर लोकांच्या चुका पकडत आलो, पण या ओळीतली घरची अडचण म्हणजे कोण हे कळायला मला ती दोनदा वाचावी लागली. राग आला. तुझा नाही, माझ्या या फुटक्या फुप्फुसांचा, आणि चोरून ओढलेल्या त्या सगळ्या सिगारेटींचा. मग गॅलरीतल्या स्टुलावर बसलो. तू निवृत्त झालीस त्या दिवशी घरी आल्यावर चाव्यांचा जुडगा नसलेला हात सारखा कमरेकडे नेत होतीस, ते आठवलं. त्यानंतर तुला शिकवायला मिळाला तो फक्त मी, आणि मी असा ढ.

लेकीला फोन केला. तिने आधी कानांवर हात ठेवले, मग सगळं सांगून टाकलं. तिनेच तुझं नाव सुचवलं होतं. तू नकार कळवलास, पण तिने परस्पर शाळेच्या मुख्याध्यापक बाईंना थांबायला सांगितलं, आणि त्या सत्र सुरू होईपर्यंत थांबायला तयार आहेत. सत्र पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला सुरू होतं. तू महिनाअखेरीला तिकीट काढणार. म्हणजे हाताशी दिवस किती, तूच बघ. लेकीला ओरडू नकोस. तिच्यात हा आगाऊपणा आला कुठून, ते आपण दोघंही जाणतो.

तेव्हा मी कामाला लागलो. दुकानात कंपाउंडरच्या स्कूटरवर बसून गेलो, पाठीवर तो लहान सिलिंडर, ऐटीत. दुकानदार भला माणूस, पण शेवटी विकणारा. आधी म्हणाला, काका, एकच बॅटरी गेली असेल, एकच बदला. मी म्हटलं, आमच्या घरातला नियम आहे, जुनीच्या गळ्यात नवी बांधायची नाही. जुनी भरत नाही, नवी तिच्यापायी रोज उपाशी किंवा रोज अजीर्ण, आणि वर्षाच्या आत दोघी सारख्याच निकामी. मग म्हणाला, मोठी न्या, दोनशेवीस अँपिअर-अवरची. मी म्हटलं, आमचा इन्व्हर्टर लहान, त्याच्याने ती पोटभर भरायची नाही. अर्धपोटी राहून खराब होईल. होती तेवढीच द्या, दीडशेची, पाण्याची, जाड नळ्यांची, ट्युब्युलर म्हणतात ती. बंद डब्याची, बिनपाण्याची काय वाईट, असं त्याने विचारलं. वाईट काही नाही, पण तिला चार्ज करायची पद्धत वेगळी, इन्व्हर्टरच्या मागचं बटण बदलावं लागतं. शिवाय पाण्याच्या बॅटरीचं झाकण उघडून आत बघता तरी येतं. हे सगळं मी बोलत होतो, बरं का! बाजूच्या खोलीतून तुझी बडबड इतकी वर्षं कानावर पडत होती, ती कुठे तरी साठत होती म्हणायची.

आणि मग माझी पाळी आली. दोन बॅटऱ्या त्याने पुढे ओढल्या, म्हणाला, कालच आल्यात. मी चष्मा वर सरकवला आणि कडेला कोरलेले ते मुंगीएवढे आकडे वाचले. काल दुकानात आली असेल, पण एकीला कारखान्यातून निघून तेरा महिने झाले होते आणि दुसरीला दोन. बसून बसून बॅटरी म्हातारी होते हे तूच सांगायचीस. बारीक टाइपात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! दुकानदाराने आतून त्या दोन महिन्यांच्या बॅटरीची जुळी बहीण आणली, त्याच महिन्याची, त्याच खेपेतली. निघताना त्याने विचारलं, काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता? मी म्हटलं, मी कुठेच नव्हतो, बायको होती.

जोडणी दुकानाच्या मिस्त्रीने केली, पण माझ्या देखरेखीखाली. जुन्या तारा सुटण्याआधी मी कोणती कुठे ते कागदावर काढून घेतलं. धातू टोकांना लागून ठिणगी उडू नये म्हणून त्याला घड्याळ आणि हातातलं कडं उतरवायला लावलं तेव्हा तो हसला. हसू दे. जुन्या दोघी तोच परत घेऊन गेला, शिसं पुन्हा वितळवायला. नव्या दोन्ही रात्रभर आणि वर अर्धा दिवस भरू दिल्या, मगच मशीन त्यावर टाकलं. आता दर पहिल्या तारखेला पाणी बघायचं. पाणी म्हणजे डिस्टिल्ड, बाटलीवर शिक्का असलेलं, आणि तेही बॅटरी भरून झाल्यावर, रेषेपर्यंत, रेषेच्या वर नाही. तुझ्या त्या काचेच्या नळीतला, ॲसिडची ताकद दाखवणारा तरंगता दांडा वाचायला शिकलो. प्रत्येकीच्या सहाच्या सहा घरांचे आकडे सारखे आले पाहिजेत, नाही तर एखादं घर आजारी आहे असं समजायचं. भिंतीवर तक्ता केलाय. कंपाउंडर म्हणतो, त्याच्या दवाखान्यात रोग्यांचे तक्तेसुद्धा एवढे नीटनेटके नसतात. तीन महिन्यांतून एकदा वीज तोडून खरी परीक्षा घ्यायची, दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. या शेवटच्या कलमाला मी भीत होतो.

खरं सांगू? घर तुझ्याशिवाय मोठं वाटतं. सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तू नसलीस तर मला चांगलं वाटतं असं मी म्हणणार नाही आणि म्हटलं तरी तू मानणार नाहीस. पण तू माझ्या श्वासाची राखण करत घरात बसलेली, आणि तिकडे वीस मुली बॅटरीला घाबरत उभ्या, हे मला बघवत नाही. आणि काळजी आणखी एका गोष्टीची वाटते. तू तिकीट काढून आलीस तर तू मला कधी दोष देणार नाहीस. तुझा तो गोड चेहरा बघत मला इथे बसावं लागेल, आणि ते मला पेलणार नाही.

आता शेवटचं. हे पत्र मी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लिहायला घेतलं, आणि त्याच मिनिटाला इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढून ठेवला. तेव्हापासून माझं मशीन, मी आणि ही प्रत्येक ओळ नव्या बॅटऱ्यांवर चाललोय. ओरडू नकोस. कंपाउंडर सुट्टी घेऊन भरलेला सिलिंडर मांडीशी धरून समोरच बसलाय. म्हणजे बसला होता, आता घोरतोय. चार ओळी लिहून दम घ्यावा लागतो म्हणून इतका वेळ लागला. आता एक वाजून चाळीस मिनिटं झालीत. चांगल्या बॅटऱ्यांवर मशीन तीन तास चालायला हवं, हा तुझा नेहमीचा हिशेब, माझे साडेतीनच्या वर झाले आणि डबा अजून एकदाही ओरडलेला नाही. बॅटरी सगळी रिकामी करायची नाही, हेही तुझंच, म्हणून इथे थांबतो. फोनवर मी कितीही ‘ठीक आहे’ म्हटलं असतं तरी तू मानलं नसतंस, म्हणून हे असं लिहून पाठवतोय. आजच मुख्याध्यापक बाईंना फोन कर आणि हो म्हण. सुट्ट्या लागल्या की ये, आणि तुझ्या मुलींनी काय काय जाळलं ते मला सविस्तर सांग. चल, प्लग लावायला उठतो.

तुझाच,
एकटा, ठणठणीत नाही, पण ठीक असलेला