खालचा गाळा

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

पप्पा हो म्हणाले. अकरावीला आर्ट्स घ्यायला हो म्हणाले! दहावीचा निकाल लागल्यापासून घरात सायन्सवरून भांडणं चालली होती, आणि आज चहा पिताना एकदम शांतपणे, "घे आर्ट्स. माझी ना नाय."

मी आनंदाने आईकडे बघितलं, तोवर पुढचं वाक्य आलं. "बिल्डिंगचा खालचा गाळा भाड्यानं देनार व्हतो. आता तो तुझा."

गाळा? मला गाळा कशाला?

मग डोक्यात प्रकाश पडला. नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणारी दुकानं आहेत ना, त्या सगळ्यांच्या पाटीवर नावापुढे 'आर्ट्स' असतं. पप्पांना वाटतंय, मी कॉलेजात तेच शिकणार. मी! मला साधी सरळ रेघ मारता येत नाही. "गावात रोज कुनाचा तरी वाढदिवस हाय. धंदा बसनार नाय," म्हणाले. किती खूश होते.

आता काय करू? खरं सांगितलं तर परत सायन्स. नाही सांगितलं तर तो गाळा. आईला सगळं कळलं होतं, पण ती डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाली.

तरी मी धीर केला. "पप्पा, मला सायकॉलॉजी करायचीय."

त्यांनी जरा विचार केला.

"चालंल. ती पन लिवू पाटीवर."