पाच विटांचं बांधकाम

३० एप्रिल
अक्षय्य तृतीया. प्लॉटवर भूमिपूजन उरकलं. परवानगी यायचीय अजून, पण सुनीताला मुहूर्त चुकवायचा नव्हता. छोटा खड्डा, नारळ, पाच विटा. भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली माझं लेथचं दुकान, वर घर. नागापूर एमआयडीसीत दुसऱ्याच्या मशिनवर जन्म गेला, आता स्वतःच्या.

१७ जून
परवानगी आली, पण अट घालून. पूर्वेची बारा फूट जागा रस्त्यासाठी नगरपरिषदेला फुकट द्यायची, मगच काम. रस्ता जातो कुठे? मागच्या ज्वारीच्या रानात. रान माजी नगराध्यक्षांच्या मेव्हण्याचं. बारा फूट गेले की दुकान गेलं.

नगरपरिषदेचा इंजिनिअर म्हणतो, "सगळ्यांनाच अट असती, काका." शेजारच्या प्लॉटला का नाही, विचारलं. न वाजलेला फोन कानाला लावून बसला. हरामखोर.

५ जुलै
नगरला वकिलांकडे. विकास आराखड्यात असा रस्ताच नाही, अट टिकणार नाही म्हणाले. अपील केलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२२ ऑगस्ट
सुनावणी. न.प.चं म्हणणं, यांनी परवानगीआधीच बांधकाम सुरू केलं, अपील ऐकूच नका. पुरावा आमचाच फोटो! सुनीता हळदकुंकू वाहतेय, खाली पाच विटा. भावकीतल्याच कुणीतरी पोचवला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर घरच नाही अजून.

वकील म्हणाले, विटा उचला, मोकळ्या जागेचा फोटो द्या, पुढच्या तारखेला बघू.

सुनीताला सांगितलं. भाकरी थापायची थांबली.
"पुजलेल्या विटा उचलल्या तर त्या घरात मी पाय ठिवनार न्हाई."
तुझ्या मुहूर्तानेच घात केला, असं बोलून गेलो. तेव्हापासून अबोला. फोटो मीच टाकला होता, हे तिने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

७ सप्टें.
उद्या तारीख. सकाळी गुपचूप पिशवी घेऊन प्लॉटवर. खड्ड्यात गवत माजलंय. दोन विटा काढल्या, तिसरी उचलली, तर मागे सुनीता उभी.

"चोरून कशाला काढता? माझ्यासमोर काढा."

रडत नव्हती. वीट हातातच राहिली. खाली ठेवायची की पिशवीत, तेच कळेना.